‘थोडे’ म्हणजे नेमके किती?

सवयी आवरण्याचा निश्चय बहुतेक जण ‘जरा कमी’, ‘थोडेसे’, ‘जपून’ अशा शब्दांत करतात आणि तो निश्चय तिथेच फसतो. ‘थोडे’ हे प्रमाण नव्हे. पोट भरलेले असताना ‘थोडे’ म्हणजे एक घास वाटतो आणि रात्री दमून बसल्यावर त्याच शब्दात अख्खा डबा मावतो. मिताहार, मितभाषी, मितव्यय या शब्दांतील ‘मित’चा मूळ अर्थ ‘मोजलेले’ असा आहे. भाषेने फार पूर्वी सांगून ठेवलेली ही गोष्ट मला मोलाची वाटते, कारण मोजल्याशिवाय आपण जास्त करतो आहोत की कमी, हेच कळत नाही. पुढील सर्व सूचना याच एका मुद्द्याभोवती आहेत.

सुरुवातीला एकच सवय निवडावी. आहार, झोप, फोन, खर्च आणि व्यायाम हे सारे एकाच सोमवारी सुधारायला घेतले, तर पुढच्या सोमवारपर्यंत त्यातले काहीच शिल्लक राहत नाही. निवडलेल्या सवयीत पहिले सात दिवस काहीही बदल करू नये, फक्त नोंद ठेवावी. कधी, किती, कुठे आणि त्याच्या लगेच आधी काय घडले, एवढे चार तपशील पुरतात. फोनच्या वापराची नोंद तर बहुतेक फोन स्वतःच ठेवतात, ती फक्त उघडून पाहायची असते. नोंद रात्री आठवून न लिहिता त्या त्या वेळीच लिहावी, कारण आपली स्मृती आपल्याच बाजूने साक्ष देते. आठवड्याच्या शेवटी सरासरी काढण्याची घाई करू नये. त्याऐवजी अतिरेक कोणत्या तासांत साचतो, ते पाहावे. कामावरून परतल्यानंतरचा पहिला अर्धा तास, जेवणानंतरचा रिकामा वेळ, एखादा अप्रिय फोन आल्यानंतरची दहा मिनिटे अशा दोन-तीन जागाच बहुधा सापडतात. बदल करायचा तो तेवढ्याच जागी, सगळ्या दिवसभर स्वतःवर पहारा ठेवण्याची गरज नसते.

यानंतर प्रमाण ठरवावे. काही बाबतींत आपल्याला शून्यातून सुरुवात करावी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ सुचवते. वरून घातलेली साखर, तसेच मध आणि फळांच्या रसातील साखर दिवसभरातील एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, असे तिच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. २००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅम होते. ३३० मिलिलिटरच्या एका गोड शीतपेयात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, हे पाहिले की ‘एखादा डबा घेतला तर काय बिघडते’ या प्रश्नाचे उत्तर आकड्यातच मिळते. कॅफीनबाबत युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण सुरक्षित मानले आहे. गर्भवतींसाठी मात्र हीच मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे. म्हणजेच एकाचे बेताचे प्रमाण दुसऱ्यासाठी दुप्पट ठरू शकते, आणि मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

प्रमाण ठरवताना वरच्या मर्यादेइतकीच खालची मर्यादाही लिहावी, असा माझा आग्रह आहे. समतोल म्हणजे कपात, असे धरून चालल्यामुळे लोक साखर मोजतात आणि पाच तासांच्या झोपेचा अभिमान बाळगतात. प्रौढांना रात्री किमान सात तास झोप लागते. शारीरिक हालचालीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल, असा पट्टाच दिला आहे आणि तो मला आदर्श वाटतो, कारण त्यात दोन्ही टोके स्पष्ट आहेत आणि दिवसाऐवजी आठवड्याचा हिशेब आहे. ज्या सवयींसाठी असा जाहीर आकडा नाही, उदाहरणार्थ बातम्या पाहणे किंवा ऑनलाइन खरेदी, तिथे स्वतःच्या नोंदीतील सर्वांत समाधानकारक दोन दिवस निवडावेत आणि त्या दिवशीचे प्रमाण पट्टा म्हणून घ्यावे. एखाद्या आदर्श माणसाचे प्रमाण उसने घेण्यापेक्षा हे अधिक टिकते.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. थांबण्याचा निर्णय सुरू करण्यापूर्वीच घ्यावा. खात असताना, पाहत असताना किंवा खरेदी करत असताना ‘आता पुरे’ असे ठरवणे फार अवघड असते, कारण त्या क्षणी निर्णय घेणारे मन त्याच सुखात गुंतलेले असते. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत नीट पोहोचायलाही साधारण वीस मिनिटे लागतात. भरभर जेवणारा माणूस त्या जाणिवेच्या आधीच दुसऱ्यांदा वाढून घेतो. म्हणून खाण्याचा पदार्थ मोठ्या पाकिटातून थेट खाऊ नये. ठरलेला भाग वाटीत काढावा, पाकीट बंद करून जागेवर ठेवावे आणि मगच बसावे. समोर भाग मोठा असला की माणूस अधिक खातो, हे अनेक प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसले आहे, तेव्हा त्यात स्वतःची कमजोरी शोधत बसू नये. वाटी बदलावी. हेच तत्त्व पडद्यालाही लागू पडते. मालिकेचा पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी, म्हणजे प्रत्येक भागानंतर हात उचलून निवड करावी लागते. फोन झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावावा आणि गजरासाठी साधे घड्याळ वापरावे. खरेदीची यादी घरीच लिहावी आणि यादीबाहेरची वस्तू घ्यावीशी वाटल्यास ती एक दिवस थांबून घ्यावी. अशा व्यवस्थेत इच्छाशक्तीवर फार भार पडत नाही, कारण ती एकदाच आणि शांतपणे वापरलेली असते.

वेळही प्रमाणाचाच भाग आहे. शरीरातील कॅफीन निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी पाच वाजता घेतलेल्या कॉफीतील निम्मे कॅफीन रात्री दहालाही शरीरात असते, त्यामुळे कपांची संख्या योग्य असूनही झोप बिघडू शकते. अशा वेळी कप कमी करण्याआधी शेवटच्या कपाची वेळ अलीकडे आणून पाहावी.

कपात करायची असेल तर ती पायरीपायरीने करावी. रोज पाच कप घेणाऱ्याने एकदम बंद केले, तर बारा ते चोवीस तासांत डोकेदुखी, थकवा आणि चिडचिड सुरू होऊ शकते, आणि हा त्रास काही दिवस टिकतो. त्याला कंटाळून माणूस पुन्हा पाचवर जातो आणि आपल्याला जमतच नाही, असा चुकीचा निष्कर्ष काढतो. दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करणे पुरेसे असते. मोकळ्या झालेल्या वेळेत काय करायचे, तेही आधीच ठरवावे, कारण रिकामी जागा जुनी सवयच आधी भरते.

ठरवलेले कधी तरी मोडणारच. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्याचा मध्यक ६६ दिवस होता, पण वेगवेगळ्या माणसांसाठी तो काळ १८ ते २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. एखादा दिवस चुकल्याने त्या प्रक्रियेत विशेष फरक पडला नाही, हीदेखील त्यातलीच नोंद आहे. नुकसान होते ते ‘आज मोडलेच आहे, तर आता उद्यापासूनच’ या विचाराने, कारण एका जादा वाटीची किंमत मग संपूर्ण संध्याकाळ होते. चुकल्यास पुढची वेळ नेहमीसारखी पाळावी. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून किंवा दुप्पट व्यायाम करून भरपाई करू नये, त्यातून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झोके घेण्याचीच सवय लागते.

काही बाबतींत मात्र बेताच्या प्रमाणाचा विचारच चुकीचा आहे. तंबाखूचे सुरक्षित प्रमाण नाही. मद्याबाबतही आरोग्याला निर्धोक असे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. ज्याला एकदा सुरू केल्यावर थांबताच येत नाही, त्याच्यासाठी मोजून घेण्यापेक्षा पूर्ण सोडणे सोपे असते. दीर्घकाळ भरपूर मद्य घेणाऱ्याने ते अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते, म्हणून तसे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे. ज्यांना खाण्याविषयी सतत भीती किंवा अपराधी भाव वाटतो, त्यांनीही मोजमापाची ही पद्धत स्वतःहून सुरू न करता आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे.

शेवटी नोंदवहीविषयी. ती आयुष्यभर चालवायची नसते. दोन-तीन महिन्यांनी ठरलेले प्रमाण न मोजताही पाळले जाऊ लागले, म्हणजे लिहिणे थांबवावे. नंतर नोकरी, घर किंवा प्रकृती बदलली, की पुन्हा सात दिवस काहीही न बदलता नोंद करावी आणि जुना पट्टा अजून लागू पडतो का, ते पाहून त्यानंतरच दुसरी सवय हाती घ्यावी.