गाडीच्या इंजिनाचा पट्टा घरीच बदलला

सोलापूरच्या उन्हात एसी लावला की बॉनेटखालून चिरचिर ऐकू यायची. टॉर्च मारून पाहिलं तर पट्ट्यावर आडव्या भेगा, एका कडेला धागे सुटलेले. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर याच पट्ट्यावर फिरतात, म्हणून टाळाटाळ केली नाही.

इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. पट्टा कुठून कसा जातो त्याचा मोबाइलवर फोटो घेतला. हे अजिबात विसरू नका. मी पान्याने टेन्शनर, म्हणजे पट्टा ताणून धरणारा भाग, दाबून धरला, धाकट्या भावाने पट्टा ओढून काढला. मग मोकळी पुली (पट्ट्याला नुसती वाट देणारी) हाताने फिरवली, तर खरखर! बेअरिंग गेलेलं. तीही बदलली, नाहीतर तिने नवा पट्टाही खाल्ला असता. नवा पट्टा चढवला आणि त्याची प्रत्येक धार पुलीच्या खाचेत बसली का, ते बोटाने चाचपलं. बॅटरीची वायर परत जोडली, चावी फिरवली, एसी लावला. चिरचिर बंद.