विचिटाला मॅच झालात? मग बॅगा भरायच्या आधी हे वाचा

मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी मॅच लागतो, म्हणजे अमेरिकेत कुणाला कुठे रेसिडेन्सी (पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) मिळाली ते कळतं, आणि शनिवारपासून माझा फोन वाजायला लागतो. पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, कॉलेजच्या जवळ घर मिळेल का?" विचारणाऱ्याचा दोष नाही. आपण बी.जे., जी.एस. किंवा नागपूरच्या मेडिकलमधून आलेलो. ससून किंवा केईएम म्हटलं की वॉर्ड, लेक्चर हॉल, हॉस्टेल, कॅन्टीन सगळं एकाच आवारात, नाहीतर रस्त्यापलीकडे. कॅन्सस राज्यातल्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅन्सस स्कूल ऑफ मेडिसिनच्या विचिटा शहरातल्या कॅम्पसला मात्र स्वतःचं हॉस्पिटलच नाही. विद्यापीठाच्या नावाचं मोठं हॉस्पिटल आहे ते कॅन्सस सिटीत, इथून सुमारे 200 मैलांवर. तिथली घरं बघत बसू नका, बघणारे भेटलेत मला.

इथला कॅम्पस नॉर्थ कॅन्सस स्ट्रीटवर आहे. वर्ग, ऑफिसं, काही क्लिनिकं, एवढंच. रुग्ण असतात ते शहरातल्या हॉस्पिटलांत: हिलसाइडवरचं वेस्ली, डाउनटाउनजवळचं असेन्शन व्हाया क्रिस्टी सेंट फ्रान्सिस, हॅरी स्ट्रीटवरचं सेंट जोसेफ आणि माजी सैनिकांचं रॉबर्ट डोल व्हीए. तुम्हाला शिकवणारे बहुतेक अटेंडिंग, म्हणजे वरिष्ठ डॉक्टर, विद्यापीठाचे पगारी प्राध्यापक नाहीत. शहरात स्वतःची प्रॅक्टिस असलेले डॉक्टर आहेत आणि त्यातले कित्येक फुकट शिकवतात. त्यांची क्लिनिकं दिवसभर भरलेली असतात. राउंड साडेसातला म्हणजे साडेसातला सुरू होतो आणि नऊ वाजता तो माणूस गाडीत बसलेला असतो. प्रेझेंटेशन पाल्हाळ लावून केलंत तर कोणी ओरडणार नाही, फक्त पुढच्या वेळी तुम्हाला थोडं कमी विचारलं जाईल. आपल्याकडे सरांच्या मागे वीस जणांचा ताफा चालतो, तसं काही नाही. दोघं-तिघं असता, त्यामुळे लपायला जागा नसते. शिकायला याहून चांगली व्यवस्था मी पाहिलेली नाही, पण ती अंगवळणी पडायला वेळ लागतो.

पगार कोण देतं, हाही गोंधळाचा विषय. रेसिडेन्सी विचिटा सेंटर फॉर ग्रॅज्युएट मेडिकल एज्युकेशन ही संस्था चालवते. विद्यापीठ आणि मोठी हॉस्पिटलं यांनी मिळून उभी केलेली ती संस्था आहे. तोंडी सगळे तिला डब्ल्यूसीजीएमई म्हणतात. विम्याचा, रजेचा, पगाराचा प्रश्न असेल तर तिकडे जायचं. बिल्ला, पार्किंग, संगणकाचा पासवर्ड मात्र प्रत्येक हॉस्पिटलचा वेगळा. व्हीएला बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणी लागते आणि परदेशातून आलेल्यांची ती रेंगाळते. तुमचं व्हीएचं पोस्टिंग डिसेंबरात असलं तरी फॉर्म जुलैतच भरून टाका.

आता पोरांबद्दल, म्हणजे मेडिकलच्या विद्यार्थ्यांबद्दल. हे नीट समजून घ्या, कारण तुमचं निम्मं काम त्यांच्याबरोबर आहे. हा कॅम्पस 1971 सालचा. चाळीस वर्षं इथे फक्त तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचे विद्यार्थी असायचे. पहिली दोन वर्षं कॅन्सस सिटीत पुस्तकं पाठ करून ते इथे वॉर्डात यायचे. मी रेसिडेन्सीला आलो तेव्हा हेच चालू होतं. ती पोरं इथे येईपर्यंत पंचविशीची झालेली असायची, मैत्र जुळलेलं, काहींची लग्नंही कॅन्सस सिटीकडे ठरलेली. पदवी मिळाली की निम्मी परत तिकडेच पाहायची. 2011 मध्ये विद्यापीठाने इथे पूर्ण चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला, पहिली बॅच फक्त आठ जणांची. त्याच वर्षी इथून 90 मैल उत्तरेला सलायना या छोट्या गावातही आठ जणांचा कॅम्पस उघडला. 2015 साली दोन्हीकडच्या पहिल्या बॅचा पदवी घेऊन बाहेर पडल्या. विचिटात आता दर वर्षी पहिल्या वर्षाला 28 जण बसतात. शिवाय कॅन्सस सिटीहून तिसऱ्या वर्षाला येणारे आहेतच.

इथे पूर्ण चार वर्षं शिकवण्याचं कारण उघड आहे. कॅन्ससमध्ये 105 काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) आहेत आणि डॉक्टर गोळा होतात दोन-तीन शहरांत. पश्चिमेकडे काही काउंटींत बाळंतपणाला तास-दीड तास गाडी चालवून जावं लागतं. गडचिरोलीत किंवा मेळघाटात बाँडवर (सरकारी कॉलेजात शिकल्यावरची सक्तीची सेवा) काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे उपाय बाँडचा. इथे राज्याची कर्जाची योजना आहे: फॅमिली मेडिसिन, बालरोग, इंटर्नल मेडिसिन अशा शाखा घेऊन राज्यातल्या गरजेच्या भागात काम करीन असं लिहून दिलं की फी राज्य भरतं, वर महिन्याचा खर्च. जितक्या वर्षांचं कर्ज तितक्या वर्षांची सेवा. शब्द मोडला तर व्याजासकट परतफेड. मला विचाराल तर कर्जापेक्षा पोरगं चार वर्षं कुठे राहिलं याचा परिणाम जास्त होतो. पहिल्या वर्षापासून इथल्या दवाखान्यात बसलेली मुलं इथल्या नर्सना, फार्मसिस्टना, दुकानदारांना ओळखायला लागतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी काही जणांनी पुढे इथूनच तासाभराच्या गावांत प्रॅक्टिस थाटली आहे.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की पहिल्या काही महिन्यांतच तुमच्याशेजारी अशी मुलगी उभी असेल, जिला स्टेथोस्कोप घेऊन सहा आठवडे झालेत. मागच्या वर्षी माझ्याकडे अशीच एक होती. रुग्ण विमान कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा. तिने रक्तदाबाचा पट्टा उलटा बांधला, मग सुलटा बांधला, मग हवा सोडताना काटा इतका भर्रकन खाली आला की तिला काहीच ऐकू आलं नाही. ती लाल झाली. आजोबा म्हणाले, "सावकाश कर बाळ, मला आज कुठे जायचं नाही." तिने पुन्हा घेतला, 148 आणि 86. माझ्यासोबतचा नवा रेसिडेंट, आपल्याच मराठवाड्याचा हुशार मुलगा, बाहेर आल्यावर तिला धडाधड प्रश्न विचारायला लागला: कोरोटकॉफचे (रक्तदाब घेताना ऐकू येणारे) आवाज किती, चौथा कोणता, मग तुला पाचवा ऐकू आला का. आपल्याकडे हेच शिकवणं. इथे त्याला मूल्यमापनात वाईट शेरा मिळतो, आणि हो, विद्यार्थीही तुमचं मूल्यमापन करतात. त्याऐवजी पट्टा तिच्या हातात द्या, स्वतःच्या दंडावर बांधून घ्या, हवा किती सावकाश सोडायची ते दाखवा. दोन मिनिटं लागतात. आपण ज्या पद्धतीने शिकलो ती वाईटच होती असं मी म्हणणार नाही, तिने आपल्याला टणक केलं. पण तो टणकपणा इथे खपत नाही.

विद्यार्थी चालवतात ते जेडॉक क्लिनिकही इथे आहे, विमा नसलेल्या रुग्णांसाठी. देखरेखीला डॉक्टर लागतातच. तिसऱ्या वर्षाचे रेसिडेंट झालात की विचारून पाहा. स्पॅनिश चार वाक्यं आली तरी खूप उपयोग होतो.

व्हिसा. जे-1 वर (प्रशिक्षणासाठीचा व्हिसा) आला असाल तर प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायचं, नाहीतर त्या अटीतून माफी मिळवायची. ही माफी मिळवायचा रुळलेला रस्ता म्हणजे कॉनराड 30: प्रत्येक राज्याला वर्षाला 30 जागा आणि डॉक्टरांची कमतरता असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी. म्हणजे विचिटा सोडून गार्डन सिटी, डॉज सिटी, लिबरल असल्या गावी जायची मनाची तयारी ठेवा. तिथे मांस प्रक्रियेचे मोठे कारखाने आहेत, रुग्ण स्पॅनिश बोलणारे, सोमाली, बर्मी. काम भरपूर आणि माणसं आदर देतात. एकट्याने राहणाऱ्याला संध्याकाळ खायला उठते, हेही खरं. जे-1 चा कागद दर वर्षी नव्याने काढावा लागतो, त्याची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा.

जोडीदाराचं काय, हा प्रश्न सहसा दुसऱ्या फोनला येतो, दबक्या आवाजात. जे-2 वर (जे-1 वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) काम करायची परवानगी मागता येते, अर्ज आल्या आल्या टाका. एच-4 वर (एच-1बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) ती सहसा मुख्य व्यक्तीचा ग्रीन कार्डासाठीचा आय-140 अर्ज मंजूर झाल्याशिवाय मिळत नाही. आपल्यातले पुष्कळ जोडीदार इंजिनिअर असतात आणि विचिटा तर विमानांचं शहर, सेस्ना आणि बीचक्राफ्ट इथलेच. ऐकून हुरळून जायला होतं. पण संरक्षणाशी संबंध असलेल्या कामाला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं आणि अशी कामं इथे फार. परवानगी हातात असेल तर कॅम्पसवर एक मजेदार काम मिळू शकतं: विद्यार्थ्यांना तपासायला मिळावं म्हणून ठरवून दिलेल्या आजाराचा रुग्ण व्हायचं. छातीत दुखतंय, कधीपासून, कुठे कळ जाते, सगळं पाठ करून सांगायचं. तासावर पैसे मिळतात. शाळेत नाटकात काम केलेल्यांनी जरूर बघावं.

मुलांबद्दल कोणी स्पष्ट बोलत नाही, म्हणून मी बोलतो. "आपली मुलगी पुढे इथेच मेडिकलला जाईल" हे स्वप्न चांगलं आहे, पण इथे मेडिकल चार वर्षांच्या पदवीनंतर असतं, म्हणजे बाविशीत. राज्याचं कॉलेज राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतं आणि सहसा नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसेल तर अर्जच पुढे जात नाही. आई-वडिलांवर अवलंबून असलेला व्हिसा 21 व्या वर्षी संपतो. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. मुलगी आज दहा वर्षांची असेल तर गणित आजच मांडा आणि वकिलाला पहिल्या वर्षीच भेटा.

आता घर. बहुतेक आपली मंडळी पूर्वेला, रॉक रोडच्या आसपास किंवा अँडोव्हरला राहतात, शाळांसाठी. एकटे असाल तर कॉलेज हिलमध्ये जुनं घर भाड्याने घ्या, वेस्ली पाच मिनिटांवर. पश्चिमेला मेझ चांगलं आहे, पण मग केलॉग रस्त्यावर रोज उभं राहायची तयारी हवी. पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नका. वर्ग पुढे डाउनटाउनला जायचे आहेत, विचिटा स्टेट विद्यापीठाबरोबरच्या नव्या इमारतीचं भूमिपूजन 2024 मध्ये झालं. त्याने अंतरात फार फरक पडणार नाही.

गाडीशिवाय इथे पान हलत नाही. बसच्या भरवशावर नाइट ड्यूटी होत नाही. गाडी नोंदवायला काउंटीच्या टॅग ऑफिसात जाल तेव्हा फीबरोबर गाडीवरचा मालमत्ता करही भरावा लागतो, त्याचे पैसे बाजूला ठेवा. कॅन्सस सिटीच्या टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, आता रोकड घेत नाहीत, टोल आपोआप कापणारा के-टॅग काचेवर लावून टाका. तो लागणारच, कारण गणपतीला आणि चांगल्या भाकरीच्या पिठाला आपण सगळे तिकडेच पळतो.

वादळ. अँडोव्हरला 1991 आणि 2022 मध्ये टोर्नाडोने घरं उचलली, दोन्ही वेळा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. घर बघताना स्वयंपाकघराआधी तळघर बघा. तळघर नसेल तर इमारतीत आसऱ्याची खोली कुठे आहे ते घरमालकाला विचारा. सेजविक काउंटीत दर सोमवारी दुपारी बारा वाजता वादळाच्या इशाऱ्याच्या भोंग्याची चाचणी होते. दर जुलैत कोणीतरी नवा रेसिडेंट पहिल्या सोमवारी जेवण टाकून जिन्याखाली जाऊन बसतो आणि अख्खं कॅफेटेरिया हसतं. एरवी वाजला तर मात्र हसत बसू नका, खाली जा.

शेवटची कामाची गोष्ट, जी मेमध्येच करायची. कॅन्ससच्या बोर्ड ऑफ हीलिंग आर्ट्सचा प्रशिक्षण परवाना हातात नसेल तर 1 जुलैला तुम्ही रुग्णाला हात लावू शकत नाही, आणि आपल्या विद्यापीठाकडून कागद यायला किती काळ लागतो ते माहीत आहेच. लसीकरणाची नोंद, गोवर-कांजिण्यांच्या अँटिबॉडींचे रिपोर्ट भारतातच करून आणा, स्वस्त पडतात. क्षयाच्या तपासणीत मात्र कातडीवरच्या टोचणीला तयार होऊ नका. लहानपणीच्या बीसीजीमुळे ती फुगू शकते आणि मग एक्स-रे, चौकश्या, फॉर्म. रक्ताची तपासणी मागा, देतात.