माजी खासदाराचा हिशेब कसा काढावा? कोल्हापूरकरांसाठी वाटाड्या

निवडणूक संपली की हरलेल्या किंवा थांबलेल्या खासदाराबद्दल पेठेत दोनच मतं उरतात. एक, 'लई काम केलं माणसानं'. दुसरं, 'पाच वर्षांत तोंड दाखवलं नाही'. दोन्ही मतं कागद न बघता दिलेली असतात. खरं तर विद्यमान खासदारापेक्षा माजी खासदाराचा हिशेब काढणं सोपं आहे. खातं बंद झालेलं असतं, हजेरीचे आणि प्रश्नांचे आकडे आता हलणार नसतात आणि बरेचसे कागद मोबाइलवरही उघडतात.

आधी माणूस आणि मुदत नक्की करा

कोल्हापुरात हे वाटतं तितकं सरळ नाही. शोधखिडकीत 'मंडलिक' टाकलं की सदाशिवराव आणि संजय, वडील आणि मुलगा, दोघेही येतात. 'माने' टाकलं तर निवेदिता माने आणि धैर्यशील माने, आई आणि मुलगा. धनंजय महाडिक २०१४ ते २०१९ लोकसभेत होते आणि २०२२ पासून राज्यसभेत आहेत, म्हणजे त्यांची दोन सभागृहांतली दोन वेगळी पानं. संभाजीराजे छत्रपती २०१६ ते २०२२ राष्ट्रपतिनियुक्त राज्यसभा सदस्य होते.

तुमचा मतदारसंघही तपासा. शिरोळ, इचलकरंजी, हातकणंगले आणि शाहूवाडी हे विधानसभा मतदारसंघ लोकसभेला हातकणंगल्यात येतात, कोल्हापुरात नाहीत. आणि हातकणंगले हा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासूनचा आहे. त्याआधीचे कागद 'इचलकरंजी' नावाखाली शोधायचे.

एका वेळी एकच मुदत घ्या. सोळावी लोकसभा म्हणजे २०१४ ते २०१९, सतरावी म्हणजे २०१९ ते २०२४.

हजेरी, प्रश्न, चर्चा

'पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च' या संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक खासदाराचं एक पान असतं. त्यावर हजेरीची टक्केवारी, किती चर्चांत भाग घेतला, किती प्रश्न विचारले आणि किती खासगी विधेयकं (म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने स्वतः मांडलेली) मांडली हे दिसतं. शेजारीच देशाची आणि राज्याची सरासरी असते. राज्याची सरासरी जास्त कामाची, कारण प्रश्न विचारण्यात महाराष्ट्राचे खासदार तसेही पुढे असतात.

हजेरी म्हणजे सही. सही करून माणूस सभागृहात किती वेळ बसला, हे त्या आकड्यात नसतं. मंत्र्यांना ही सहीच करावी लागत नाही, त्यामुळे मंत्री झालेल्या खासदाराची हजेरी दिसली नाही म्हणून गैरहजेरी धरू नका.

प्रश्नांच्या संख्येवर तर अजिबात थांबू नका. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न लागतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर फक्त लेखी येतं, आणि ते दिवसाला २३० पर्यंत असतात. साहजिकच कोणत्याही खासदाराच्या यादीत अतारांकितांचाच ढीग असतो. शिवाय सारख्या विषयाचे प्रश्न सचिवालय एकत्र करतं, म्हणून एकाच प्रश्नाच्या डोक्यावर अनेक नावं दिसतात आणि तो प्रत्येकाच्या खात्यात एक म्हणून जमा होतो.

संसदेच्या 'संसद डॉट इन' या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या विभागात खासदाराचं नाव निवडा आणि विषयाच्या रकान्यात पंचगंगा, ऊस, कोल्हापूर–वैभववाडी रेल्वे, विमानतळ, पूर असे शब्द इंग्रजी स्पेलिंगने टाकून बघा. हाती लागलेला प्रश्न उघडून पूर्ण वाचा. अ, ब, क, ड असे भाग असतात. 'अ'ला मंत्र्याने 'नाही' म्हटलं की पुढच्या भागांना एका ओळीत उत्तर येतं: 'प्रश्नच उद्भवत नाही'. ज्याचा प्रश्न असा एका फटक्यात कापला जातो, त्याने तो घाईत लिहिलेला असण्याची शक्यता जास्त. उत्तराला जिल्हानिहाय तक्ता जोडलेला आला, तर प्रश्न नेमका होता. आणि 'माहिती गोळा केली जात आहे' असं उत्तर असेल, तर ते सरकारी आश्वासन धरलं जातं. खासदाराने नंतर त्याचा पाठपुरावा केला का, हे पुढच्या अधिवेशनांतल्या प्रश्नांवरून कळतं. माझ्या लेखी शंभर सुट्या प्रश्नांपेक्षा एकाच विषयाचा असा तीन-चार प्रश्नांचा माग मोलाचा.

आकड्यांचं मतदारांना किती पडलेलं असतं, याचं उदाहरण घरचंच आहे. सोळाव्या लोकसभेत सर्वाधिक प्रश्न विचारणाऱ्यांत महाडिकांचं नाव होतं. २०१९ ला ते अडीच लाखांहून जास्त मतांनी पडले. त्या निवडणुकीत कोल्हापूरने प्रश्न मोजले नाहीत, त्यांच्याविरुद्धच्या प्रचारातली घोषणा उचलून 'आमचं ठरलंय' म्हटलं.

खासगी विधेयकं मात्र वाचाच, ती थोडी असतात. हातकणंगल्याचे तेव्हाचे खासदार राजू शेट्टींनी २०१८ मध्ये लोकसभेत शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीचं आणि हमीभावाच्या हक्काचं अशी दोन विधेयकं मांडली होती. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, त्यामुळे 'मंजूर झालं का?' असं विचारण्यात अर्थ नाही. मांडणाऱ्याने मसुद्यावर किती मेहनत घेतली, ते बघा.

मतदान: इथे सगळ्यात जास्त फसगत होते

आपल्याला वाटतं, प्रत्येक विधेयकावर कोणी कसं मत दिलं याची यादी असणार. नसते. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. 'हो'चा आवाज मोठा की 'नाही'चा, हे अध्यक्ष ठरवतात आणि कुणाचंही नाव नोंदलं जात नाही. २०२० चे तीन शेती कायदे आवाजी मतदानाने झाले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये आवाजी मतदानानेच रद्दही झाले. त्या कायद्यांवर आपल्या खासदाराने हात वर केला की खाली ठेवला, हे ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्याला कागदावर सापडणार नाही. ऑगस्ट २०२३ चा अविश्वास ठरावही असाच आवाजी मतदानाने फेटाळला गेला.

नावनिशी नोंद होते ती सदस्यांनी मतविभागणी, म्हणजे एकेक मत मोजून घेणं, मागितली तर, किंवा घटनादुरुस्ती असली तर, कारण तिथे विशेष बहुमत मोजावंच लागतं. मतविभागणीची तारीख माहीत असेल तर काम पाच मिनिटांचं. काही तारखा देतो: आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाची १०३वी घटनादुरुस्ती, ८ जानेवारी २०१९, लोकसभेत ३२३ विरुद्ध ३. अविश्वास ठराव, २० जुलै २०१८, बाजूने १२६, विरोधात ३२५. नागरिकत्व दुरुस्ती विधेयक, ९ डिसेंबर २०१९ ची मध्यरात्र उलटल्यावर, ३११ विरुद्ध ८०. महिला आरक्षण, २० सप्टेंबर २०२३, ४५४ विरुद्ध २.

त्या दिवसाच्या कामकाजाचा पूर्ण वृत्तांत संसदेच्या डिजिटल ग्रंथालयातून उतरवून घ्या आणि शेवटाकडून वाचत या. बाजूने, विरोधात आणि तटस्थ अशा नावांच्या याद्या मिळतील. यादीखालच्या तळटीपा सोडू नका. यंत्रावर ज्यांचं मत नोंदलं गेलं नाही आणि ज्यांनी चिठ्ठीने मत दिलं, त्यांची नावं तिथे असतात. तुमचा खासदार यादीत नाही म्हणून गैरहजर, असा निष्कर्ष तळटीप बघूनच काढा.

आणि सापडलेलं मत त्याचं स्वतःचं, असंही लगेच समजू नका. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडला तर खासदारकी जाऊ शकते. नागरिकत्व विधेयकाला शिवसेनेने लोकसभेत पाठिंबा दिला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत मतदान टाळलं. अशा वेळी यादीत नाव खासदाराचं, भूमिका पक्षाची. म्हणून मताबरोबर त्याचं त्या दिवशीचं भाषणही वाचा. बोलताना थोडी मोकळीक असते.

खासदार निधी

स्थानिक क्षेत्र विकास निधी १९९३ ला सुरू झाला आणि २०११-१२ पासून तो वर्षाला ५ कोटी आहे. सोळाव्या लोकसभेच्या खासदाराच्या वाट्याला पाच वर्षांचे २५ कोटी. सतराव्यात कोरोनामुळे २०२०-२१ चा निधी पूर्ण बंद होता आणि २०२१-२२ ला फक्त २ कोटी मिळाले, म्हणजे एकूण १७ कोटी. 'आधीच्याने २५ खर्च केले, याने १७ सुद्धा नाहीत' अशी तुलना करण्याआधी हे लक्षात असू द्या.

खासदार फक्त शिफारस करतो. मंजुरी, निविदा, बिलं हे सगळं जिल्हा प्रशासनाकडे. त्यामुळे तीन आकडे वेगळे काढा: शिफारस किती, प्रशासकीय मान्यता किती, प्रत्यक्ष खर्च किती. शिफारसच झाली नसेल तर जबाबदार खासदार, मान्यता होऊन काम अडलं असेल तर यंत्रणा. शिल्लक निधी बुडत नाही, तो त्या मतदारसंघाच्या पुढच्या खासदाराकडे जातो. म्हणून नव्या खासदाराच्या खात्यातही जुनी रक्कम मिसळलेली असू शकते.

हा तपशील जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा नियोजन विभागाकडे असतो. जोडपत्र 'अ' नमुन्यात अर्ज करा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा किंवा राज्याच्या माहिती अधिकार पोर्टलवरून पाठवा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा भाषण नको. एवढं पुरतं:

'सन २०१९-२० ते २०२३-२४ या कालावधीत कोल्हापूर लोकसभा मतदारसंघाच्या खासदार स्थानिक क्षेत्र विकास निधीतून शिफारस झालेल्या कामांची वर्षनिहाय यादी मिळावी. यादीत कामाचे नाव, गाव, शिफारशीचा दिनांक, प्रशासकीय मान्यतेची रक्कम, कार्यान्वयन यंत्रणा, झालेला खर्च व कामाची सद्यःस्थिती नमूद असावी.'

३० दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील, त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं. हातकणंगल्याचं काम करताना एक अडचण येईल: इस्लामपूर आणि शिराळा सांगली जिल्ह्यात असल्याने तिथल्या कामांचे कागद सांगलीत असू शकतात. नियुक्त राज्यसभा सदस्य तर देशात कुठेही कामं सुचवू शकतो.

यादी आली की आपल्या भागातली चार-पाच कामं निवडून प्रत्यक्ष बघून या. पेव्हिंग ब्लॉक, हायमास्ट, सभागृह, व्यायामशाळा हेच बहुतेक असेल. कामावर निधीचा, खासदाराच्या नावाचा आणि खर्चाचा फलक असणं बंधनकारक आहे. धार्मिक स्थळाच्या जागेत या निधीतून बांधकाम चालत नाही, तेव्हा यादीत 'सामाजिक सभागृह' आणि जागेवर मंदिराचा मंडप दिसला, तर जमिनीचा सातबारा मागवा.

पगार, भत्ते, निवडणूक खर्च

इथे फार काही सापडत नाही. २०१८ पासून वेतन महिना १ लाख, मतदारसंघ भत्ता ७० हजार, कार्यालयीन खर्च ६० हजार आणि अधिवेशनात सही केलेल्या दिवसाचे २ हजार असे दर होते. १ एप्रिल २०२३ पासून वेतन १ लाख २४ हजार आणि दैनिक भत्ता अडीच हजार झाला. एप्रिल २०२० पासून वर्षभर वेतनात ३० टक्के कपात होती. व्यक्तिगत फरक पडतो तो प्रवासखर्चात. त्याची वर्षनिहाय एकूण रक्कम लोकसभा सचिवालयाकडे माहिती अधिकारात मागता येते. बिलं मागू नका, बेरीज मागा. बिलं मागितली की खासगी माहितीचं कारण देऊन अर्ज फेटाळणं सोपं जातं.

निवडणूक खर्चाचं विवरण निकालापासून ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावं लागतं. मर्यादा २०१४ आणि २०१९ ला ७० लाख होती, २०२४ ला ९५ लाख. त्या सभा, ते फ्लेक्स आणि ती जेवणं आठवून हे विवरण वाचलं तर करमणूक होईल. गंभीर काम करायचं असेल, तर त्याच उमेदवाराची दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी ठेवा. ती निवडणूक आयोगाच्या आणि 'मायनेता'च्या संकेतस्थळावर आहेत. मालमत्तेची एकूण बेरीज सोडा, कारण जमिनीचे भाव वाढले की ती आपोआप फुगते. नव्याने घेतलेली जमीन, नवं कर्ज आणि जोडीदाराच्या नावावरची भर एवढंच तपासा, आणि प्रत्येक नोंदीसमोर ती खरेदी कोणत्या साली झाली ते लिहून ठेवा.