कोणता पॅक स्वस्त पडतो? असं गणित सोडवण्याची रीत

लहान पॅक घ्यावा की मोठा, हे गणित एकमान पद्धतीचं. भागाकार सोपा असतो, तरीही उत्तर हमखास चुकतं. भागाकार करून आलेली संख्या नेमकी कशाची, हेच लिहिलेलं नसतं. माझा सगळा आग्रह तेवढ्यासाठी आहे.

कपडे धुण्याच्या पावडरीचे दोन पुडे घेऊ. ४०० ग्रॅमचा ८४ ला, दीड किलोचा ३२४ ला. चलन कोणतंही चालेल.

पायरी १. एकक सारखं करा. दीड किलो म्हणजे १५०० ग्रॅम. हे राहिलं तर पुढचं सगळं वाया.

पायरी २. सोयीचं माप निवडा. एका ग्रॅमची किंमत काढली तर ०.२१ आणि ०.२१६ येते. लगेच एका दशांश स्थळापर्यंत पूर्णांकन केलंत, तर दोन्हीकडे ०.२, म्हणजे फरकच नाहीसा! त्यापेक्षा १०० ग्रॅमचा दर काढा:
८४ ÷ ४ = २१
३२४ ÷ १५ = २१.६
लहान पुडा स्वस्त. मोठा पॅक नेहमी परवडतो असं मनात धरून बसू नका. परीक्षेत नेमकं तेच तपासतात.

पायरी ३. प्रत्येक उत्तरापुढे ‘१०० ग्रॅमला किंमत’ असं लिहा. कारण भागाकार उलटाही करता येतो. ४०० ÷ ८४ म्हणजे सुमारे ४.७६, आणि १५०० ÷ ३२४ म्हणजे सुमारे ४.६३. ही किंमत नव्हे. किमतीच्या एका एककात मिळणारे ग्रॅम आहेत. किंमत काढली असेल तर लहान संख्या फायद्याची, माल काढला असेल तर मोठी. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण एका पॅकला एक आणि दुसऱ्याला दुसरी लावू नका.

कॅल्क्युलेटर नसेल तर लसावि कामी येतो. ६ पेनांचा संच ४५ ला, ८ पेनांचा ५८ ला. ६ आणि ८ चा लसावि २४. पहिल्या दराने २४ पेनांना ४ × ४५ = १८०, दुसऱ्या दराने ३ × ५८ = १७४. आठचा संच स्वस्त. अपूर्णांक कुठेच आला नाही, म्हणून मला ही रीत फार आवडते.

आता सवलतीची गणितं. ‘२५% जास्त’ आणि ‘२५% सूट’ सारखंच वाटतं, पण तसं नाही. २०० मिलीची बाटली १०० ला धरा. २५% जास्त म्हणजे २५० मिली १०० ला, १०० मिलीला ४०. २५% सूट म्हणजे २०० मिली ७५ ला, १०० मिलीला ३७.५. सूट सरस ठरली. ‘२५% जास्त’मुळे दर फक्त २०% उतरतो. ‘दोनवर एक मोफत’ असेल तर दोनांची किंमत तिनांत वाटा: दर मूळच्या दोन तृतीयांश होतो.