स्क्रिप्चरचा तास हातानं कसा शिकवायचा: नागपूरच्या शाळांसाठी

ख्रिस्ती शाळेत शिकवणाऱ्या आणि संडे स्कूल घेणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. आपल्याकडे स्क्रिप्चर किंवा मॉरल सायन्सच्या तासाला अ‍ॅक्टिव्हिटी म्हटलं की बहुतेक वेळा नोहाच्या तारवाचं चित्र रंगवायचं, कापसाची मेंढी चिकटवायची आणि खाली एक वचन लिहायचं, झालं. पोट्ट्यांना मजा येते हे खरंय, पण त्या कापसाचा आणि त्या वचनाचा काही संबंध नसतो, वचन काढून दुसरं लावलं तरी मेंढी तीच राहते. माझं म्हणणं एवढंच की वचन वरून चिकटवू नका. ज्या उताऱ्यात आधीच कुणीतरी मोजतंय, पेरतंय, मळतंय, वेचतंय तो उतारा घ्या आणि तेच काम मुलांच्या हाताला द्या. येशू सुताराच्या घरात वाढला, पौल तंबू करून पोट भरायचा, त्यामुळे पवित्र शास्त्रात अशी कामं शोधायला लांब जावं लागत नाही.

माझ्या मते सगळ्यात चांगला धडा निवासमंडपाचा, म्हणजे इस्राएली लोकांनी रानात देवासाठी उभारलेल्या तंबूचा. पाचवी ते सातवीला घ्या आणि गणिताच्या टीचरला सोबत घ्या. निर्गमच्या २५ ते २७ अध्यायात सगळी मापं 'हात' या एककात दिलेली आहेत, आपण तो भाग नेहमी कंटाळवाणा म्हणून सोडून देतो आणि खरं तर मुलांसाठी तोच सगळ्यात मजबूत भाग आहे. आधी वर्गात प्रत्येकाला कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत स्वतःचा हात मोजायला लावा. प्रत्येकाचा वेगळा येणार, मग भांडणं होणार की कुणाचा हात धरायचा, ती होऊ द्या, पाचदहा मिनिटं तरी मधे पडू नका, कारण ठरलेलं माप का लागतं हे त्यांना तिथेच कळतं. शेवटी सगळ्यांसाठी एक हात म्हणजे ४५ सेंटीमीटर असं ठरवा. मग ग्राउंडवर सुतळी, खुंट्या आणि चुन्याची फक्की. अंगण १०० हात लांब आणि ५० हात रुंद, म्हणजे ४५ मीटर बाय साडेबावीस मीटर. काटकोन कसा काढायचा तर सुतळीला ३, ४, ५ च्या मापानं गाठी मारून, हे सातवीच्या मुलांना नक्की जमतं. आत मंडप ३० हात बाय १० हात, आणि त्याच्या पश्चिमेच्या टोकाला परमपवित्रस्थान (सगळ्यात आतली, सगळ्यात पवित्र खोली) १० हात बाय १० हात, म्हणजे साडेचार मीटरचा चौकोन. अंगणाचं दार पूर्वेला येतं, त्यामुळे सकाळी सूर्य बघून दिशा आधी ठरवून घ्या नाहीतर सगळं उलटं आखलं जातं. ग्राउंड छोटं असेल तर सगळी मापं अर्धी करा, प्रमाण शिकवायला तेही चालतं.

कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवायची पेटी, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच, तो पुठ्ठ्याचा करा. पण एक बाभळीच्या लाकडाचा तुकडा जरूर आणा, कारण कोश बाभळीच्या लाकडाचा करायला सांगितलाय आणि बाभूळ आपल्या प्रत्येक धुऱ्यावर उभी आहे. मुलांनी तो तुकडा उचलून बघावा, त्यावर रंधा मारायचा प्रयत्न करावा (रंधा मोठ्यांच्या देखरेखीतच), मग निर्गम ३१ मधला बसालेल वाचा. देवानं आपल्या आत्म्यानं भरलं म्हणून ज्याचं नाव तिथे घेतलंय तो कारागीर आहे, सोनं, दगड, लाकूड घडवणारा माणूस. ज्या मुलाला परीक्षेत कमी मार्क पडतात पण ज्याचा हात चांगला चालतो त्याच्यासाठी ही ओळ फार मोठी आहे, ती घाईघाईत वाचू नका.

सगळं आखून झालं की मुलांना एकेक करून अंगणातून मंडपापर्यंत चालवा आणि परमपवित्रस्थानाच्या रेघेपाशी थांबवा. तिथे महायाजक वर्षातून एकदाच जायचा हे लेवीय १६ मधून सांगा. आणि मग तुम्ही बोलू नका. "काय शिकलात" असं विचारलं की पाठ केलेलं उत्तर येतं, त्यापेक्षा "रेघेपाशी थांबल्यावर काय वाटलं" एवढंच विचारा. मत्तय २७ मध्ये येशूच्या मरणाच्या वेळी मंदिराचा पडदा फाटला ते दुसऱ्या दिवशी वाचा, त्याच दिवशी नको, मधे एक रात्र जाऊ द्या.

दुसरं, पेरणाऱ्याचा दाखला, ज्यात तेच बी वाटेवर, खडकाळ जागी, काट्यांत आणि चांगल्या मातीत पडतं. हा सगळेच करतात पण बहुतेक जण घाईत करतात. नोव्हेंबरात हरभरा किंवा मोहरी घ्या, चार कुंड्या. एकीत माती तुडवून टणक करा आणि दाणे वरच टाकून कुंडी उघड्यावर ठेवा, पाखरं आपलं काम करतात. दुसरीत गिट्टी भरून वर बोटभर माती, तिसरीत हराळीच्या मुळ्यांसकट माती (काटेरी झुडपाऐवजी गाजर गवत वापरायचा मोह होतो, ते नका वापरू, त्यानं अंगाला खाज सुटते), चौथीत आपली काळी माती शेणखत घालून. पाणी चारही कुंड्यांना सारखं आणि रोज नाही, दोन दिवसांआड. रोज दिलं तर गिट्टीवरचं रोपही तगतं आणि मग दाखला कळत नाही. काही मुलं वाळत चाललेल्या रोपाला चोरून पाणी घालतात, त्यांना रागवू नका, उलट तिथून फार चांगलं बोलणं सुरू होतं. चांगल्या कुंडीतल्या हरभऱ्याला घाटे आले की दाणे मोजायला लावा, एका दाण्याचे किती झाले, तीसपट, साठपट की शंभरपट.

देवाचं राज्य खमिरासारखं आहे या दाखल्यासाठी खमिराचा प्रयोग सोपा आहे, दोन गोळे मळा, एकात यीस्ट, एकात नाही, झाकून ठेवा आणि बघा. डिसेंबरात फुगायला वेळ लागतो एवढं लक्षात ठेवा.

सरव्याचा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडलेलं वेचण्याचा, धडा मात्र नीट तयारी करूनच घ्या. लेवीय १९ मध्ये सांगितलंय की शेताच्या कडेपर्यंत सगळं कापू नका, पडलेलं गोळा करू नका, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या, आणि रूथ ही परदेशातून आलेली गरीब विधवा त्याच नियमावर जगली. दिवसभर वेचून आणि झोडपून तिच्याकडे एक एफाभर जव झाले, ते साधारण २२ लिटर धरतात. आपल्याकडे सोयाबीनची सोंगणी झाली की वाळलेल्या शेंगा फुटून दाणे शेतात पडलेले असतात. शाळेतल्या एखाद्या मुलाचं घरचं शेत असेल, कळमेश्वर, उमरेड, काटोलकडे कुठेही, परवानगी घेऊन सकाळी लवकर जा. मुलांनी एक तास वाकून वेचायचं, मग वजन करायचं, मग एवढ्यात एका घराचं किती दिवस भागेल याचा हिशोब करायचा. त्या तासानंतर रूथचा अध्याय वाचला की मुलं वेगळीच ऐकतात, त्यांची कंबर दुखत असते ना.

पण एक गोष्ट ठाम सांगते, तो सरवा शाळेत आणायचा नाही. गावातल्या बाया तो वेचायला येणार असतात, त्यांचा वाटा आपण अ‍ॅक्टिव्हिटी म्हणून उचलून आणला तर ज्या वचनासाठी गेलो तेच मोडलं. वजन करा आणि त्यांच्याच हाती द्या. त्यातल्या एखाद्या मावशी बोलायला तयार असतील तर मुलांना त्यांच्याजवळ बसवा, तुमच्या बोलण्यापेक्षा त्यांचं जास्त लक्षात राहील.

आठवी नववीसाठी दगडांचा धडा आहे आणि तो खास नागपूरचा. ज्यांच्या नावानं आपलं हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये सुरू झालं ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून आलेले मिशनरी, त्यांनी इथे शाळा चालवली आणि जोडीला टाकळी आणि आसपासचे दगड फोडून त्यातले जीवाश्म अभ्यासले, १८५५ मध्ये हंटर या सहकाऱ्यासोबत नागपूरच्या भूगर्भावर लिहिलं. १८६३ मध्ये टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळं बघून परतताना पुराच्या पाण्यात ते गेले. मुलांना बेसॉल्टचे तुकडे आणि भिंग द्या, अजब बंगला (नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय) चालू आहे का ते आधी विचारून तिथे न्या. पृथ्वी किती जुनी आणि उत्पत्तीत तर सहा दिवस, हा प्रश्न येणारच, तो दाबू नका. स्तोत्र १११ च्या दुसऱ्या ओळीत देवाची कामं थोर आहेत आणि ज्यांना ती आवडतात ते त्यांचा शोध घेतात असं आहे, तिथून सुरुवात करा. प्रश्न विचारणाऱ्या मुलाची श्रद्धा कमी असते असं अजिबात नाही.

आता परवानगीचं. आपल्या शाळांत बौद्ध, हिंदू, मुस्लिम मुलं भरपूर असतात. राज्यघटनेच्या कलम ३० नं अल्पसंख्याकांना शाळा चालवायचा हक्क दिलाय, पण कलम २८(३) प्रमाणे मान्यता किंवा सरकारी अनुदान असलेल्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसायची सक्ती करता येत नाही, मूल अठरा वर्षांखालचं असेल तर पालकांची संमती लागते. म्हणून मराठीत साधं पत्र काढा, काय वाचणार, काय करणार ते स्पष्ट लिहा. ज्यांची संमती नाही ती मुलं मापं आणि वजनं करू शकतात का हे पालकांनाच विचारा, बरेच जण आनंदानं हो म्हणतात, आणि नाही म्हणाले तर त्या मुलासाठी वेगळं चांगलं काम तयार ठेवा, त्याला वर्गाबाहेर उभं करू नका. आणि श्रद्धेला मार्क द्यायचे नाहीत. मार्क मापाला, नोंदीला, मिळून काम करण्याला.

वेळ कुठून काढायचा म्हणाल तर २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना शिकवायचं सुचवलंय, त्यातले दोन मागून घ्या. ग्राउंडवरचं सगळं नोव्हेंबर ते जानेवारीत संपवा, मार्चनंतर नागपूरच्या उन्हात मुलांना फक्की मारायला उभं करू नका. सरव्यासाठी शेतकऱ्याशी ऑगस्टमध्येच बोलून ठेवा, सोंगणीच्या दिवसांत त्यांना फोन उचलायलाही फुरसत नसते.