बांबूचं काम करणाऱ्यांसाठी: मेळ्यात अन् घरी स्मार्टफोन कसा वापरायचा

सूप, टोपली, परडी, लॅम्प, आपण जे काही बांबूतून करतो ते हातानेच होणार आहे, फोनमुळे एक कामटीही (बांबूची पट्टी) जास्त निघणार नाही, हे आधीच सांगतो. फोन कामाला येतो माल तयार झाल्यावर. आपल्या नागपुरात सिव्हिल लाईन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो, रेशीमबाग मैदानावर प्रदर्शनं लागतात, तिथे लोक माल घेतात, तारीफ करतात, फोटो काढून नेतात अन् मेळा उठला की ते गिऱ्हाईक कुठे गेलं आपल्याला माहीत नसते. माझ्या मते कारागिरासाठी फोनचं सगळ्यात मोठं काम हेच आहे की ते गिऱ्हाईक वर्षभर आपल्या हाताशी राहिलं पाहिजे. पैसे घेणं वगैरे त्याच्यानंतर.

फोन घेताना

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलात की दुकानदार कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल अन् फिंगरप्रिंट दाखवतो. मेगापिक्सेल सोडून द्या, दुकानातल्या सावलीच्या कोपऱ्यात एक फोटो काढा, मोठा करून पाहा, विणीच्या काड्या वेगवेगळ्या दिसल्या तर कॅमेरा चांगला. फिंगरप्रिंटच्या भरवशावर तर राहूच नका. आपली बोटं बांबू सोलून सोलून घासलेली, चिरलेली असतात, त्यामुळे मशीन ठसा घेत नाही, रेशन दुकानात अन् आधारच्या कामात हा त्रास आपल्यातल्या कितीतरी जणांना होऊन राहिला. म्हणून फोनला सहा आकडी पिन लावा, अन् पहिलं काम हे करा की आधारला तुमचा स्वतःचा चालू मोबाईल नंबर जोडून घ्या. एकदा नंबर जोडला की पुष्कळ ठिकाणी ओटीपीवर काम भागते, ठशासाठी चारचारदा अंगठा दाबत बसावं लागत नाही.

बाकी दोन सिम लागणारा, 5000 एमएएचच्या आसपास बॅटरी, 128 जीबी जागा असलेला साधा फोन पुरतो. काचेवर स्क्रीन गार्ड पाहिजेच कारण काडीचा कूस (बारीक टोकदार तंतू) लागला की चरा पडतो, अन् बांबूची भुकटी चार्जिंगच्या भोकात जाऊन बसते, तर काम करताना फोन खिशात नाही, डब्यात ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा टिनाच्या शेडखाली चार्जिंगला लावलेला फोन तापून चार्ज होणंच बंद करतो. तो फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, आत पाणी धरते. कव्हर काढून माठाजवळच्या सावलीत ठेवा, आपोआप थंड होतो.

आधी घरी हात बसवा

मेळ्याच्या गर्दीत फोन शिकता येत नाही. महिनाभर आधीपासून घरच्या कामाला वापरा. महावितरणचं बिल भरा, म्हणजे पैसे पाठवायची सवय होते. कीबोर्डवर माईकचं चित्र असते, भाषा मराठी निवडून त्याच्यात बोला, तो टाईप करतो, आपण वऱ्हाडी बोललो तरी बरंच त्याला समजते, फक्त आकडे अन् नावं एकदा वाचून घ्या. अक्षर बारीक वाटत असेल तर सेटिंगमध्ये फॉन्ट मोठा करा, त्याच्यात लाजायचं काय. डिजिलॉकरमध्ये, म्हणजे कागदपत्रं ठेवायच्या सरकारी ॲपमध्ये, आधार, पॅन टाका, मेडिकलच्या कार्डाचा अन् औषधाच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. अन् पावसाळ्यात शेताच्या बांधावरून किंवा रानातून बांबू आणायला जात असाल तर दामिनी ॲप नक्की टाका, पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं बनवलं आहे, आपल्या जवळपास वीज पडण्याचा धोका असला की सूचना देते. विदर्भात दरवर्षी विजेनं माणसं जातात, हे ॲप मला सगळ्यात गरजेचं वाटते.

घरातली बाई विणत असेल, अन् बहुतेक घरी अर्ध्याहून जास्त काम त्याच करतात, तर फोन तिच्याही हातात पाहिजे. स्टॉलवर ती बसणार असेल तर क्यूआर कोड तिच्या खात्याचा लावा. पैसे आले की आवाज तिला ऐकू आला पाहिजे, मेसेज तिच्या फोनवर आला पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक उभं राहते अन् ती नवऱ्याला फोन करून विचारत बसते की आले का जी पैसे.

धंद्याचा नंबर अन् व्हॉट्सॲप बिझनेस

साधं व्हॉट्सॲप वेगळं अन् व्हॉट्सॲप बिझनेस वेगळं, दोन्ही फुकट आहेत. एकच नंबर एका वेळी दोन्हीकडे चालत नाही, म्हणून दुसऱ्या सिमवर धंद्याचं चालू करा. हा नंबर पुन्हा कधीच बदलायचा नाही, दोन रुपये स्वस्त रिचार्ज मिळते म्हणून तर बिलकुल नाही, कारण तो टोपलीला बांधलेल्या कार्डावर छापलेला राहणार अन् ती टोपली लोकांच्या घरी वर्षानुवर्षं राहते.

त्याच्यात कॅटलॉग नावाची सोय आहे, एकेका वस्तूचा फोटो, भाव, माप टाकून ठेवायचं. गिऱ्हाईक विचारते, अजून काय काय आहे दादा, तर तीस फोटो एकेक करून पाठवण्यापेक्षा कॅटलॉगची लिंक टाकली की झालं. दुसरी सोय तयार उत्तरांची. आपल्याला तेच ते प्रश्न येतात, धुता येते का, बुरशी आली काय करू, भुकटी पडून राहिली काय करू. एकदा नीट उत्तर लिहून ठेवा: ओल्या जागी ठेवू नका, बुरशी आली तर कोरड्या फडक्यानं पुसून उन्हात वाळवा, भुकटी पडत असेल तर कीड लागली आहे, फोटो पाठवा, आम्ही पाहतो. कीड लागू नये म्हणून बोरॅक्स अन् बोरिक ॲसिडच्या पाण्यात बांबू मुरवून काम करत असाल तर तेही लिहा, शहरातलं गिऱ्हाईक ते विचारते अन् त्याचे दोन पैसे जास्तही देते.

फोटोबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इथेच माल मार खातो. बांबू पिवळसर, त्याच्यामागे पांढरी चादर धरली की सगळं फिक्कट होते. गडद निळं किंवा काळं सुती कापड घ्या, चुण्या नसलेलं. सकाळच्या वेळी ओसरीत, उजेड एका बाजूनं येईल असं ठेवा, मग विणीची सावली पडते अन् काम उठून दिसते. भर दुपारी अंगणात काढू नका, फ्लॅश तर लावूच नका. लेन्स आधी पुसा. एका वस्तूचे तीन फोटो पुरे, पूर्ण वस्तू, विणीचा जवळून, अन् तळ किंवा कड, कारण जाणकार माणूस कड कशी बांधली तेच पाहतो. अन् मापासाठी बाजूला एक संत्रं ठेवा. इंच लिहिले तरी लोकांना अंदाज येत नाही, संत्र्याजवळ टोपली पाहिली की लगेच कळते केवढी आहे, वर नागपूरचा माल आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. लॅम्प असेल तर एक फोटो संध्याकाळी दिवा लावून घ्या, भिंतीवर जी जाळी पडते तिच्यामुळेच तो विकला जातो.

स्टॉलवर पैसे घेताना

क्यूआर कोडच्या दोन प्रती लॅमिनेट करून न्या अन् रोज सकाळी दुकान लावल्यावर घरच्या दुसऱ्या फोनवरून एक रुपया टाकून पाहा. खातं शक्यतो धंद्याचं वेगळं ठेवा. कधी कधी कोणी फसवणुकीचे पैसे आपल्याला देऊन माल नेतो अन् नंतर तपासात आपल्या खात्यावर होल्ड लागतो, तेव्हा घरखर्चाचं खातं तरी मोकळं राहते.

रविवारी संध्याकाळी मेळ्यात इतकी गर्दी होते की नेटवर्क रांगत चालते. म्हणून फोनमधले दोन सिम वेगवेगळ्या कंपनीचे घ्या. साउंडबॉक्स, म्हणजे पैसे आले की बोलून सांगणारा डबा, परवडत असेल तर घ्या, त्याचं सिम वेगळं असते अन् गर्दीत आवाज कामी येतो. गिऱ्हाईक आपल्या फोनवरची हिरवी खूण दाखवते, त्याच्यावर माल द्यायचा नाही, तशा खोट्या स्क्रीन दाखवणारे ॲप निघाले आहेत. आपल्या ॲपमध्ये आपली एंट्री दिसली की मगच पिशवी हातात द्या. एंट्री येत नसेल तर नम्रपणे सांगा, ताई दोन मिनिटं बसा, येईल. चांगली माणसं रागावत नाहीत.

अन् हे पाठच करून ठेवा: यूपीआय पिन पैसे देताना किंवा खात्यातली शिल्लक पाहताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. आपल्या लोकांना फसवायची एक ठरलेली रीत आहे. फोन येतो, मी फौजेतून बोलतो, कॅम्पसाठी दोनशे टोपल्या पाहिजेत, भावही करत नाही, अन् ॲडव्हान्स घ्यायला म्हणून क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका म्हणतो. पिन टाकला की आपलेच पैसे जातात. मोठी ऑर्डर ऐकून जीव हरखतो, ते मी समजू शकतो, पण तिथे फोन ठेवून द्या. तसंच व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा गाडीचं चालान म्हणून एपीके फाईल (फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल) आली तर ती उघडायची नाही, पत्रिकेला ॲप कशाला लागते. एवढं करूनही पैसे गेलेच तर लाजून घरी बसू नका, ताबडतोब 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन लावा, जितका लवकर लावाल तितकी पैसे थांबवता येण्याची शक्यता जास्त.

एक फायद्याची गोष्ट. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 कामं आहेत, त्याच्यात टोपल्या विणणारेही येतात. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत व्हाउचर आहे, पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत 5 टक्के व्याजानं आहे, अन् डिजिटल व्यवहाराला एक रुपया, महिन्याला 100 व्यवहारांपर्यंत, असाही प्रोत्साहन म्हणून मिळायची तरतूद आहे. घरातल्या एकाच माणसाला लाभ मिळतो, तर नाव कोणाचं टाकायचं ते घरी बसून ठरवा. चौकशी सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रात करा. सरकारी मेळ्यांत स्टॉलसाठी हस्तशिल्प विकास आयुक्तांचं पहचान कार्ड विचारतात, तेही काढून त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा.

नंबर सेव्ह कसा करायचा

गिऱ्हाईकानं पैसे दिले, पिशवी घेतली, त्याच्याआधीच म्हणा, काकू तुमच्या नंबरवर एक मेसेज टाकतो, आमचा नंबर सेव्ह करून घ्या, नवीन माल आला की फोटो पाठवीन, चालेल नं? विचारूनच घ्यायचं. सेव्ह करणं का महत्त्वाचं, तर ब्रॉडकास्ट लिस्टचा, म्हणजे एकदाच लिहून पुष्कळांना पाठवायचा मेसेज ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला त्यांनाच जातो. नाव लिहिताना नुसतं नाव नाही, प्रतापनगर काकू मोठा लॅम्प, अमरावती सर सहा परड्या, असं लिहा. सहा महिन्यांनी फोन आला की तुम्ही म्हणता, लॅम्प कसा आहे काकू, अन् त्यांना किती बरं वाटते ते तुम्हीच पाहा. गर्दीत टाईप करायला वेळ नसेल तर वहीत लिहा, रात्री फोनमध्ये चढवा. वही सोडायची नाही, रोकड अन् यूपीआयचा हिशेब रात्री वहीशीच जुळवायचा.

मेसेज उठसूट पाठवू नका, रोजच्या गुड मॉर्निंगनं लोक ब्लॉक करतात. आपला माल हंगामाचा आहे, त्या त्या वेळी पाठवा. उन्हाळा लागायच्या आधी पंखे, लग्नसराईच्या आधी सूप अन् रुखवताच्या टोपल्या, अन् आकाशकंदिलाचे फोटो दसऱ्यालाच, कारण कोजागिरीनंतर आलेली ऑर्डर दिवाळीपर्यंत हातानं होत नाही. ऑर्डर कोणत्या तारखेपर्यंत घेणार ते मेसेजमध्ये साफ लिहा अन् अर्धे पैसे आधी घ्या, लोक देतात.

बाहेरगावी पाठवायचं असेल तर भाव सांगायच्या आधी हे गणित करा. कुरिअरवाले नुसतं वजन पाहत नाहीत, खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक जण 5000 नं भागतात. 40 बाय 40 बाय 40 चं खोकं म्हणजे 12.8 किलोचे पैसे, आत लॅम्प अर्ध्या किलोचा का असेना. म्हणून टोपल्या एकात एक बसतील अशा मापाच्या करा, लॅम्प उघडून चपटा होईल असा बांधता आला तर फारच छान, अन् पुण्या-मुंबईचं एकदम मोठं पार्सल असेल तर ट्रॅव्हल्सनं पाठवून पाहा, गिऱ्हाईकाला स्टॉपवर येऊन घ्यावं लागते तेवढं आधी सांगा. पॅक करताना खोकं उघडं असताना एक फोटो, बंद केल्यावर एक, अन् पावतीचा एक, असे तिन्ही त्यांना पाठवून द्या.