मानकांच्या बैठकीत तोंड उघडण्याआधी

कंपनीने मानकांच्या, म्हणजे सगळ्यांची उत्पादनं एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवलेल्या समान तांत्रिक नियमांच्या, कामावर टाकलं की नवी मुलं विचारतात, आधी काय वाचू? मी सांगते, समितीचं दार किती उघडं आहे ते आधी बघा.

ख्रोनोस ही ग्राफिक्सची मानकं ठरवणारी कंपन्यांची संघटना. तिचं दार बरंचसं बंद. तिच्या व्हल्कन या ग्राफिक्स मानकाची पहिली आवृत्ती फेब्रुवारी २०१६मध्ये आली, तोवर मसुदा सदस्यांपुरताच होता. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र बसणार, आणि कोण काय मागतंय यावरून पुढच्या चिपमध्ये काय येणार ते कळणार. त्यामुळे गोपनीयता समजू शकते. पण बाहेरच्या डेव्हलपरला मसुदा दिसतो तेव्हा फारसं काही बदलण्याजोगं उरलेलं नसतं, हे मला खटकतं. डब्ल्यूथ्रीसी, म्हणजे वेबची मानकं ठरवणारी संस्था, अर्धवट उघडी: तांत्रिक काम बहुतेक उघड्यावर, काही कागद फक्त सदस्यांना.

इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफचं दार मात्र सताड उघडं. सदस्यत्वाची भानगडच नाही, मेलिंग लिस्टवर नाव घातलं की तुम्ही आत. मतदानही नसतं. पूर्वी अध्यक्ष 'बाजूने असाल तर हुंकार द्या' म्हणायचे आणि आवाजावरून अंदाज घ्यायचे. आता ऑनलाइन मंडळींसाठी बटण आलंय. सोय झाली, मजा गेली.

नवख्यांची पंचाईत होते ती इथेच. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला 'नोट वेल' ही योगदान आणि पेटंटच्या नियमांची स्लाइड येते, तेव्हा निम्मी खोली लॅपटॉपचा चार्जर शोधत असते. ती वाचाच. माइकवर बोललेलं वाक्यही योगदान धरलं जातं. त्यावर तुमच्या कंपनीचं पेटंट लागू होतं हे तुम्हाला स्वतःला माहीत असेल, तर ते जाहीर करावं लागतं. पेटंटचा अर्ज अजून प्रसिद्ध झालेला नसला तरीही. कंपनी म्हणते गप्प बस, नियम म्हणतो सांग. अशा वेळी त्या विषयातून अंग काढून घ्यायचं. उलट, अर्ज करण्याआधीच कल्पना मसुद्यात गेली तर युरोपात तिचं नावीन्य संपतं, म्हणजे पेटंट मिळत नाही. अमेरिकेत वर्षभराची मुदत मिळते. म्हणून मसुदा आधी वकिलांकडे, मग बाहेर.

आणि विरोध करायचा असेल, पण कारण गोपनीय उत्पादनात दडलेलं असेल तर? 'आमच्याकडे हे चालणार नाही' याला तिथे काडीची किंमत नाही. 'कमी मेमरीच्या उपकरणात हा संदेश एका पॅकेटात मावत नाही, तुकडे जोडायला बफर नाही' असं म्हणा. (पॅकेट म्हणजे नेटवर्कवरून एका वेळी जाणारा डेटाचा तुकडा, बफर म्हणजे असे तुकडे जमवून ठेवायची जागा.) लोक लगेच बाइट मोजायला लागतात. उपकरण कुठलं, हे सहसा कुणी विचारत नाही.